पवनचक्कीचा आवाज आणि आपलं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ध्वनिमापन हा माझा धंदा. कारखान्याच्या कंपाउंडला, मिरवणुकीच्या रस्त्यावर, हायवेलगतच्या शाळेत मीटर लावून बसायचं काम. अलीकडे सातारा, सांगली, धाराशिव, बीड या बाजूंनी पवनचक्क्यांबद्दलचे फोन वाढलेत. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो. एक गोष्ट आधीच सांगतो: मी पवनचक्क्यांच्या विरोधातला नाही आणि कंपन्यांच्या बाजूचाही नाही. दोन्हीकडचे लोक माझ्यावर नाराज असतात, यावरून काय ते ओळखा.

घराजवळ पवनचक्की येणार म्हणतात. आवाज किती येईल हे आधी कळू शकतं का?

कळू शकतं, आणि ढोबळ हिशेब तर वहीच्या मागच्या पानावर होतो.

प्रत्येक मॉडेलचा एक आकडा असतो, त्याला ध्वनिशक्ती पातळी म्हणतात. आयईसी ६१४००-११ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्याप्रमाणे यंत्र बनवणाऱ्यांनी तो मोजून घेतलेला असतो. आजकालच्या दोन-तीन मेगावॅटच्या यंत्रांचा हा आकडा साधारण १०४ ते १०७ डेसिबल असतो. ऐकून घाबरू नका. बल्ब किती वॅटचा आहे आणि तुमच्या पुस्तकावर उजेड किती पडतो, या दोन वेगळ्या गोष्टी; तसंच हे.

समजा आकडा १०६ आहे आणि घर ५०० मीटरवर आहे. आवाज जमिनीच्या वर अर्ध्या गोलात पसरतो, त्याचे ८ वजा. ५०० मीटर अंतराचे ५४ वजा. वाटेत हवेत जिरतो त्याचे अडीच वजा. उरले साडेएकेचाळीस. अंतर दुप्पट झालं की निव्वळ पसरण्यामुळे आणखी ६ कमी होतात, निम्मं झालं की ६ वाढतात.

आता खरी गोम. डेसिबलची बेरीज आपल्या रोजच्या बेरजेसारखी नसते. सारख्या अंतरावर दोन यंत्रं असली तर ३ डेसिबल वाढतात, तीन असली तर जवळपास ५, दहा असली तर १०. म्हणजे त्याच घरापासून ५०० मीटरवर एकाऐवजी तीन पवनचक्क्या आल्या, तर साडेएकेचाळीसचे सेहेचाळीसच्या वर गेले. रात्रीची निवासी मर्यादा ४५ आहे. तीनही यंत्रं घरापासून ५०० मीटरचा नियम (तो पुढे येतोच) पाळून उभी आहेत आणि घर तरीही मर्यादेबाहेर, असं होऊ शकतं. म्हणून 'जवळची पवनचक्की किती लांब' एवढंच विचारून थांबू नका; दीड-दोन किलोमीटरच्या टापूत किती येणार, तेही विचारा.

कंपनीचे सल्लागार हाच हिशेब आयएसओ ९६१३-२ या पद्धतीने संगणकावर करतात आणि नकाशावर समान आवाजाच्या रेषा काढून देतात. तो नकाशा दिसला तर दोन गोष्टी तपासा. जमीन किती आवाज शोषते असं धरलंय? कातळाच्या सड्याला नांगरलेल्या काळ्या रानासारखं धरलं असेल तर उत्तर कमी येणार. आणि यंत्र डोंगरावर, घर पलीकडच्या अंगाला, मध्ये दरी, असं आहे का? अशा ठिकाणी जमिनीकडून मिळणारी सवलत जवळपास मिळतच नाही. ब्रिटनमधले ध्वनितज्ज्ञ अशा दरीसाठी हिशेबात ३ डेसिबल वाढवून धरतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांना हे मुद्दाम सांगायला हवं.

तो ५०० मीटरचा नियम नेमका काय आहे?

केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये जमिनीवरच्या पवन प्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून कोणत्याही राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत पवनचक्की उभारू नये, असं त्यात आहे.

त्याच तत्त्वांत दुसरं एक अंतर आहे आणि गावात या दोहोंची हमखास गल्लत होते. रस्ते, रेल्वे, इमारती, उच्चदाबाच्या तारा यांच्यापासून टॉवरची उंची अधिक पात्यांच्या घेराचा निम्मा व्यास अधिक ५ मीटर, इतकं अंतर ठेवायचं. टॉवर १२० मीटरचा आणि घेराचा व्यास १४० मीटर असेल तर हे १९५ मीटर भरतं. कोणी "नियम दोनशे मीटरचाच आहे हो" म्हणालं, तर तो या दुसऱ्या अंतराबद्दल बोलतोय. राहत्या घराचं आणि आवाजाचं अंतर वेगळं.

अंतर गावठाणापासून धरायचं की आमच्या वस्तीपासून?

तत्त्वांमध्ये शब्द राहत्या घराचा आहे, गावठाणाचा नाही. पण भांडणं होतात ती इथेच. नकाशावर गावठाणाची हद्द स्पष्ट असते. रानातली दोन घरांची वस्ती, माळावरचा धनगरवाडा त्या नकाशावर नसतो. मग कागदोपत्री अंतर सव्वा किलोमीटर आणि प्रत्यक्षात पातं वस्तीच्या डोक्यावर.

वस्ती असेल तर काम सुरू होण्याआधी घराचा पुरावा गोळा करून ठेवा. ग्रामपंचायतीचा नमुना ८, घरपट्टीची पावती, विजेचं बिल, सातबाऱ्यावर घर पड नोंदवलेलं असेल तर तो उतारा. मोबाइलवरच्या नकाशात घरावर बोट दाबून अक्षांश-रेखांश काढा आणि जाग्याच्या खुणेचा खांब किंवा पाया दिसला की त्याचेही काढा. दोन बिंदूंमधलं अंतर तोच नकाशा सांगतो. टेप घेऊन ओढ्यातून जायची गरज नाही.

कायद्याने मर्यादा किती?

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. दिवस सकाळी ६ ते रात्री १०, उरलेली रात्र. आकडा त्या वेळातल्या सरासरीचा असतो, क्षणभराच्या उंचीचा नाही.

या नियमांत औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता असे चारच खाने आहेत. शेती हा खाना नाही! शेतातलं घर कुठे बसवायचं यावर वाद घालणारे मी पाहिलेत. लोक जिथे झोपतात ती जागा निवासी धरावी असाच आग्रह धरायचा. तसं न धरण्याचं कारण समोरच्याला लेखी द्यायला लावा.

बाहेरच्या देशांशी तुलना करायची तर, डेन्मार्कमध्ये मोकळ्या भागातल्या घराशी ८ मीटर प्रति सेकंद वाऱ्याला ४४ आणि दाट वस्तीशी ३९ डेसिबल, शिवाय घराच्या आत कमी वारंवारतेच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या आवाजाला २० डेसिबलची वेगळी मर्यादा. जर्मनीत गावासारख्या मिश्र भागात रात्री ४५, निवासी भागात ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी पवनचक्क्यांच्या आवाजाची ४५ ची शिफारस केली, पण ती दिवस-संध्याकाळ-रात्र यांना वेगवेगळं वजन देऊन काढलेल्या सरासरीवर. तिची आपल्या रात्रीच्या ४५ शी थेट तुलना करू नका. एकूण आपला आकडा काही फार ढिला नाही. मोजायला कोणी येत नाही, हा प्रश्न वेगळा.

प्रकल्पाला परवानगी देताना आवाज तपासत नाहीत का?

पवन प्रकल्प २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत येत नाहीत, आणि २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यांना पांढऱ्या श्रेणीत टाकलं. त्या श्रेणीला मंडळाचं संमतिपत्र लागत नाही. धूर नाही, सांडपाणी नाही, म्हणून हे रास्तच. पण त्या ओघात आवाजाची आधी तपासणी होण्याची एक जागा कमी झाली.

तरी एक वाट आहे. परदेशी वित्तसंस्थांचं कर्ज घेतलेल्या प्रकल्पांना बहुधा पर्यावरण व सामाजिक आघाताचा अहवाल करावा लागतो, आणि त्यात आवाजाचा नकाशा असतो. ग्रामपंचायतीने ना-हरकत देण्याआधी तो मागावा. ठरावात "अहवालाची प्रत मराठी सारांशासह" एवढे शब्द घातले तरी पुरे.

दिवसा काहीच वाटत नाही. रात्री मात्र झोप उडते. आमचा भास आहे का?

भास नाही. मला येणाऱ्या फोनमध्ये सर्वांत जास्त ऐकलेलं वाक्य हे आहे, आणि त्यामागे सरळ भौतिकशास्त्र आहे.

दिवसा उन्हाने जमीन तापते, हवा खालीवर घुसळली जाते. वरचा वारा खालीही पोचतो. अंगणात लिंब सळसळतो, पत्रा वाजतो, पंप चालू असतो, त्यात पवनचक्कीचा आवाज बुडून जातो. सूर्य मावळला की जमीन गार पडते आणि तिच्यालगतची हवा जड होऊन बसते. वरचा वारा या बसलेल्या हवेवरून घसरत जातो. १२० मीटरवर यंत्र भरात फिरतंय आणि तुमच्या अंगणात तुळशीपुढची पणतीसुद्धा विझत नाही, अशी ती वेळ. झाकणारा आवाज गेला, मूळ आवाज राहिला. त्यात भर म्हणजे वर उबदार आणि खाली गार हवा असली की आवाज वाकून जमिनीकडे येतो आणि लांबवर पोचतो.

नेदरलँड्सच्या सीमेलगत जर्मनीतल्या ऱ्हेडे इथे या शतकाच्या सुरुवातीला फान डेन बेर्ख या डच संशोधकाने हे मोजून दाखवलं. जमिनीलगतच्या वाऱ्यावरून आवाजाचा अंदाज बांधला तर तो रात्री फार कमी भरतो, हे त्याचं म्हणणं. आपल्याकडे अजूनही "वारा नव्हता, मग आवाज कुठून?" असं विचारणारे अधिकारी भेटतात. त्यांना अंगणातला वारा आणि टॉवरवरचा वारा वेगळा असतो, हे आधी पटवायला लागतं.

तो 'सूं... सूं...' आवाज कसला? आणि सगळे आवाज सारखेच का?

नाहीत. कान लावून ऐकलंत तर निम्मं निदान घरबसल्या होतं.

लाटेसारखा येणारा सूं-सूं हा पात्यांचा. पातं हवा कापत जातं तेव्हा त्याच्या मागच्या कडेवरून सुटणारी हवा हा आवाज करते. लांबून पातं आरामात फिरताना दिसतं, पण टोकाचा वेग सेकंदाला ७०-८० मीटर, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर असतो. पातं वरून खाली येताना आवाज वाढतो, म्हणून लाट. रात्री वरच्या आणि खालच्या वाऱ्यात फरक पडला की कधी कधी ही लाट ठोक्यासारखी होते: धप्... धप्... सारख्या डेसिबलचा सलग आवाज आणि असा हेलकावणारा आवाज यांत हेलकावणारा जास्त छळतो. छपरातून टपकणाऱ्या पागोळीकडे कान लागून राहतो तसं ते असतं.

घड्याळ लावून मिनिटात किती सूं येतात ते मोजा. तीन पाती असल्याने त्या संख्येला तीनने भागलं की यंत्राचे मिनिटाला फेरे मिळतात. ३६ आले तर १२ फेरे. आता समजा फेऱ्याला तीन सूं आणि त्यांतल्या एकाच्या वेळी बारीक शीळ येते. म्हणजे एकाच पात्यात काही तरी बिघडलंय; वीज पडून चीर गेली असेल, कड झिजली असेल. हे तक्रारीत असंच लिहा. देखभालीच्या माणसाला त्यातून पातं सापडतं आणि दुरुस्ती त्यांच्याही फायद्याची असते.

सलग एकसुरी घरघर किंवा गुणगुण असेल तर गिअरबॉक्स, जनरेटर किंवा थंड करणारे पंखे. एकसुरी आवाज कानाला वेगळा काढता येतो, म्हणून बऱ्याच देशांत मोजलेल्या आकड्यात दंड म्हणून काही डेसिबल वाढवतात.

वंगण संपलेल्या बैलगाडीच्या आसासारखा कर्रर्र आवाज थोडा वेळ येऊन थांबतो का? वारा दिशा बदलतो तेव्हा टॉवरवरचं डोकं वळतं; त्याच्या ब्रेकचा तो आवाज. यावर उपाय स्वस्त असतो आणि तरी महिनोन्‌महिने होत नाही, याचं मला नवल वाटत आलंय.

आणि वारा पूर्ण पडलेला असतानाही गुणगुण ऐकू येत असेल तर पवनचक्कीला दोष देऊ नका. सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर बघा. त्याचा सूर १०० हर्ट्झवर असतो.

मोबाइलवरच्या ॲपने मोजलं तर चालेल?

स्वतःच्या नोंदीसाठी चालेल, पुरावा म्हणून नाही. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. खालच्या सुरांचा आवाज तो नीट पकडत नाही, आणि उघड्या माइकवर वाऱ्याची झुळूक आली की आकडा वाटेल तसा उडतो. मी एकदा रिकाम्या माळावर, आसपास काही नसताना, नुसत्या वाऱ्यात फोनवर ७० पाहिलेत. पण त्याच फोनने, त्याच जागी, यंत्र चालू आणि बंद असताना किती फरक पडतो हे बघायला काहीच हरकत नाही.

मग योग्य मोजणी कशी असते?

अचूकतेच्या पहिल्या वर्गाचा (क्लास १) मीटर, त्याची मोजणीआधी आणि नंतर कॅलिब्रेटरने, म्हणजे ठरलेला आवाज काढणाऱ्या उपकरणाने, खातरजमा, माइकवर मोठा फोमचा वारारोधक. माइक जमिनीपासून दीडेक मीटरवर आणि भिंतीपासून निदान साडेतीन मीटर लांब, नाहीतर भिंतीवरून परतलेला आवाजही त्यात येतो. माइकपाशी वाऱ्याचा वेग ५ मीटर प्रति सेकंदाच्या आत. जागा घराची, म्हणजे जिथे तुम्ही झोपता त्या बाजूची. टॉवरच्या पायथ्याची नव्हे.

एवढं करूनही मीटर आवाज कोणाचा ते सांगत नाही. कुत्रं, ट्रॅक्टर, पलीकडच्या गावातलं भजन, सगळं एकाच आकड्यात. म्हणून मी दहा-दहा मिनिटांचे तुकडे घेतो आणि सरासरीबरोबर 'एल ९०' ही पातळी काढतो. दहा मिनिटांपैकी नव्वद टक्के वेळ आवाज जिच्या वर राहिला ती ही पातळी. कुत्रं मिनिटभर भुंकलं तर ती हलत नाही. पवनचक्की सलग चालते, म्हणून ती यात टिकून राहते. आपला नियम सरासरीवर आहे, त्यामुळे अहवालात दोन्ही हवेत.

सर्वांत भरवशाचं म्हणजे चालू-बंद मोजणी. त्याच रात्री, तसाच वारा असताना, यंत्रं वीस-तीस मिनिटं बंद ठेवायची आणि पुन्हा चालू करायची. समजा चालू असताना ४७ आले आणि बंद असताना ४४. लोक म्हणतात, फरक तीनचाच, काय एवढं! तसं नाही. डेसिबलच्या हिशेबात ४७ मधून ४४ वजा केले की उरतात ४४. म्हणजे एकटी पवनचक्की गावाच्या एकूण रात्रीच्या आवाजाइतकीच बोलतेय. फरक १० चा असेल तर मागच्या आवाजाचा विचारच करायला नको.

यंत्रं बंद करायला कंपनी तयार होत नाही, असं तुम्ही म्हणाल. बऱ्याचदा नाही होत. वीज म्हणजे पैसा. पण देखभालीसाठी किंवा ग्रिडच्या बिघाडामुळे ती आपोआप बंद पडतातच. मीटर रात्रभर लावून ठेवला तर ती संधी सापडते.

कोणत्या महिन्यात मोजावं?

इथे महाराष्ट्राची पंचाईत आहे. आपला खरा वारा जून ते ऑगस्ट, आणि तेव्हाच पाऊस. पत्र्यावर सर आली की मीटरला दुसरं काही ऐकू येत नाही. शिवाय ओढ्याला पाणी आणि बेडूक.

पाऊस उघडल्यावर दुसरी गंमत. जत तालुक्यातल्या एका वस्तीवर मी सप्टेंबरअखेरीस रात्रभर मीटर लावला होता. सकाळी आकडा आला ५१. घरातले खूश, म्हणजे पुरावा मिळाला म्हणून खूश. मी वारंवारतेचे पट्टे उलगडून पाहिले तर सगळा जोर चार हजार हर्ट्झच्या आसपास. पाचसहाशे मीटरवरून येणाऱ्या पवनचक्कीच्या आवाजात उंच सूर उरतच नाहीत, हवा ते वाटेत खाते. तिचं जे काही असतं ते एक हजारच्या खाली. हा सगळा पराक्रम रातकिड्यांचा होता. ते पट्टे वगळले तर उरले ४१.

घरातल्या आजी म्हणाल्या, "म्हणजे आम्ही ऐकतो ते खोटं?" खोटं नव्हतं. रातकिड्यांचा सूर इतका उंच असतो की त्याच्या खालून सूं-सूं स्वच्छ ऐकू येतो. आकडा चुकला होता, कान नव्हे. आम्ही पुढच्या मेच्या शेवटी, वारा सुरू झालेला आणि पाऊस यायचा अशा दोन आठवड्यांत परत मोजलं. माझ्या अनुभवात हाच काळ सर्वांत बरा. मेमध्ये लोक अंगणात किंवा गच्चीवर झोपतात, तेव्हा घराच्या भिंतींमुळे जे १०-१५ डेसिबल कमी होतात तेही होत नाहीत. मोजणी खऱ्या वापराच्या जागी होते.

आम्ही स्वतः काय करू शकतो?

वही घाला. मीटरपेक्षा मला तुमची वही जास्त उपयोगी पडते. एका वहीतली नोंद अशी होती:

"मंगळवार, रात्री १२.४०. परसात. लिंबाचं पान हलत नाही. डोंगरावरची तिन्ही चालू. सूं-सूं स्पष्ट, मिनिटात ३६. दार लावून आतही येतो. सव्वाला कुत्री. पावणेदोनला एकदम बंद, मग शांत."

'फार त्रास होतो' असं पानभर लिहिलेल्यापेक्षा हे सहा ओळींचं बरं. कारण प्रत्येक यंत्राचा वाऱ्याचा वेग, फेरे आणि वीज दर दहा मिनिटांनी कंपनीच्या स्काडा या यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या संगणक प्रणालीत नोंदवली जाते. तुमच्या पावणेदोनच्या नोंदीसमोर स्काडामध्येही यंत्र पावणेदोनला थांबलेलं निघालं, की मग तुमच्या बाकीच्या नोंदींवर कोणी शंका घेत नाही. त्रास नसलेल्या रात्रीही लिहा. त्याशिवाय कोणत्या दिशेच्या वाऱ्याला त्रास होतो ते कळत नाही.

तब्येतीवर परिणाम होतो का? कानाला न ऐकू येणाऱ्या लहरींबद्दल बरंच फिरतंय.

आवाजाने वैताग येतो आणि आवाज वाढला की वैतागणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, हे पक्कं आहे. कॅनडाच्या आरोग्य खात्याने ऑन्टारिओ आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड इथल्या १,२३८ घरांमधल्या लोकांचा अभ्यास करून २०१४ मध्ये हेच मांडलं. मात्र ४६ डेसिबलपर्यंतच्या आवाजाचा झोपेशी किंवा लोकांनी सांगितलेल्या आजारांशी थेट संबंध त्यात दिसला नाही.

न ऐकू येणाऱ्या लहरी पवनचक्कीतून निघतात, खरं आहे. समुद्रातून, वाऱ्यातून आणि ट्रकमधूनही निघतात. घरापाशी त्यांची पातळी माणसाला जाणवण्याच्या उंबरठ्याच्या बरीच खाली असते. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या संशोधकांनी आवाजाला संवेदनशील असलेल्या ३७ जणांना ७२ तास अशा लहरींमध्ये ठेवून पाहिलं. २०२३ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत झोप, हृदय, मेंदू यांवर परिणाम दिसला नाही. म्हणून तक्रारीत या लहरींवर भर देऊ नका. समोरचा तज्ज्ञ तेवढाच मुद्दा खोडतो आणि ऐकू येणाऱ्या सूं-सूंची खरी तक्रार बाजूला पडते.

आणखी एक निरीक्षण, थोडं नाजूक. ज्यांना पवनचक्कीपासून पैसे मिळतात त्यांना तिचा त्रास कमी वाटतो. नेदरलँड्स आणि कॅनडा दोन्हीकडच्या अभ्यासांत हे दिसलंय. एकाच बांधाच्या अलीकडे-पलीकडे दोन भाऊ, एकाच्या रानात टॉवर आणि दुसऱ्याच्या वाट्याला नुसता आवाज, हे चित्र मी पाहिलंय. तिथे मी डेसिबल मोजून देतो. बाकीचं माझ्या मीटरच्या आवाक्यातलं नसतं.

पवनचक्क्यांमुळे पाऊस पळतो का?

नाही. दुष्काळ पडला की हे बोलणं परत उठतं. पाऊस देणाऱ्या ढगांचा पसारा टॉवरच्या कितीतरी वरपर्यंत असतो.

आवाज कमी करता येतो का?

येतो. पात्याच्या मागच्या कडेला करवतीसारखी दातेरी पट्टी लावतात. नव्या यंत्रांवर ती बहुधा असतेच, जुन्यांवर काही मॉडेल्सना नंतर बसवता येते. दुसरा उपाय फक्त संगणकातला: ठरावीक वेळी, ठरावीक दिशेच्या वाऱ्याला यंत्र थोडं सावकाश चालवायचं. वीज थोडी कमी मिळते, आवाज काही डेसिबलनी उतरतो. रात्री ११ ते ५ आणि फक्त त्रासाच्या दिशेला एवढंच मागितलं तर कंपनीचं नुकसानही मर्यादित राहतं. म्हणून वहीत दिशा हवी.

साताऱ्याच्या पठारांवरची जुनी २२५, ३५० किलोवॅटची यंत्रं काढून मोठी बसवण्याचं धोरण केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये नव्याने आणलं. अशा वेळी 'इथे आधीपासूनच पवनचक्क्या आहेत' हे उत्तर घेऊ नका. संख्या कमी होते, डोकं दुप्पट उंच जातं, आवाज दुसऱ्या ठिकाणाहून येतो. हिशेब पहिल्यापासून करायला लावा. जुन्या यंत्रांचा आजचा आवाज ती उतरवण्याआधी मोजून ठेवा, नंतर तो मिळणार नाही.

घरात काय करावं? झोपायची खोली शक्य तर दुसऱ्या अंगाला. पत्र्याखाली छत घालून घेतलं तर फरक पडतो. कंपाउंडची भिंत किंवा झाडांची रांग यांचा आवाजाला फारसा अडसर होत नाही, कारण आवाज वरून येतो. झाडं जरूर लावा, त्यांच्या सळसळीत तो थोडा झाकला जातो.

तक्रार कोणाकडे करायची?

आधी कंपनीच्या साइट ऑफिसला लेखी, वहीच्या झेरॉक्ससह, पोच घेऊन. मग जिल्हाधिकारी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं तुमच्या भागाचं कार्यालय.

एक खाच माहीत असू द्या. ध्वनी नियमांतलं तक्रारीचं कलम मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल तर तक्रार करता येईल, अशा भाषेत आहे. रात्रीचे ५५ पवनचक्कीमुळे घराशी क्वचितच येतात. तुमचा अर्ज नुसता या कलमाखाली गेला तर परत येण्याची शक्यता आहे. पण आवाज ४५ च्या आत राहिला पाहिजे हे बंधन त्याच नियमांत आहे, म्हणून अर्जात मर्यादा ओलांडल्याचं लिहा आणि मागणी नेमकी करा: रात्री १० ते ६ या वेळात घराशी चालू-बंद मोजणी, आणि त्या वेळचा स्काडा तपशील. '५०० मीटरच्या आत आहे' हा मुद्दा असेल तर तो वेगळ्या अर्जात, अक्षांश-रेखांशासह. इथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. तिथे सहसा कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, त्यामुळे वाट बघण्यात वर्ष घालवू नका.

साहेब दुपारी येतात, टॉवरखाली उभे राहतात आणि म्हणतात, "कुठे आहे आवाज?" त्यांना काय सांगायचं?

वाद घालू नका. रात्री जेवायला बोलवा. पिठलं-भाकरी करा, अंगणात बाज टाका आणि दीड-दोनपर्यंत थांबवून घ्या. कोणती रात्र ते मात्र नीट निवडा: वरचा वारा चालू आणि लिंबाचं पान हलत नाही अशी. गेल्या वर्षी अशा रात्री कोणत्या आठवड्यात होत्या ते वहीत आहेच.